शहराचं वारं आणि आपल्या बाया

आजची गप्पा एका कर्जाच्या अर्जापासून सुरू करू.

दिवाळीनंतरची गोष्ट. माजलगाव तालुक्यातल्या एका गटाची मासिक बैठक होती आणि आम्ही वह्या तपासायला गेलो होतो. बचत जमा झाली, हप्ते झाले आणि मग एका ताईंनी अर्ज पुढं केला. वीस हजार रुपये हवे होते. आपल्या गटात कर्ज कशाला घेतात ते तुम्हाला ठाऊक आहे. शेळी, शिलाई मशीन, बी-भरण, दवाखाना, लग्न. या अर्जावर कारण वेगळं होतं. लेक बारावी झालेली. पुण्याजवळच्या कारखान्यात तिला काम मिळत होतं. खोलीची अनामत, भांडीकुंडी आणि पहिला पगार होईपर्यंतचं खाणं, यासाठी पैसे.

अर्ज करणाऱ्या ताई सोडल्या तर गटात अकरा जणी. पाच म्हणाल्या, द्या. पाच म्हणाल्या, देऊ नका. एक आजी काहीच बोलल्या नाहीत. नको म्हणणाऱ्यांपैकी एकीनं जे सांगितलं ते आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय. ती म्हणाली, "एकदा शहराचं वारं लागलं की पोरगी हाताची जाते." त्यावर अर्जवाल्या ताईंनी साधा प्रश्न विचारला, "आक्का, पण हे वारं असतं तरी कसलं?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही. आम्हालाही नाही. ठराव पुढच्या बैठकीवर गेला. येताना एसटीत आमच्या डोक्यात तोच प्रश्न घोळत होता. आम्ही बीएला इतिहास घेतला होता, पण त्यात राजे होते, लढाया होत्या, तह होते. शहरात उतरलेली खेड्यातली बाई नव्हती. मग महिनाभर आम्ही वाचनालयातून मिळालं ते वाचलं, जाणत्यांना विचारलं. मोठमोठ्या शहरांचं वारं वेगवेगळं का लागतं, ते आपल्यासारखीच्या नजरेनं पाहायचं ठरवलं. तिला काम कोणतं मिळालं? ती झोपली कुठं? आणि तिला कुणी मोजलं का? हे तीनच प्रश्न प्रत्येक शहराला विचारले.

सुरुवात हैदराबादपासून, कारण आपली पहिली राजधानी तीच. बीड, परभणी, नांदेड, औरंगाबाद, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे निजामाच्या राज्यात होते. आज यातल्या दोघांची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव आहेत. त्या काळात मुंबई आपल्या पणजोबांना परकी होती. मोठी कचेरी, मोठं शिक्षण, मोठा दवाखाना म्हटलं की तोंड हैदराबादकडं.

ते शहर १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशाहानं वसवलं आणि मधोमध चारमिनार उभा केला. चारमिनाराच्या शेजारी लाड बाजार आहे. लाखेच्या बांगड्या तापवून, वाकवून, त्यावर बारीक खडे बसवायचं काम तिथल्या गल्ल्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आम्ही एकदा सहलीला गेलो तेव्हा पाहिलं, सकाळी उशिरापर्यंत तो बाजार डोळे चोळत असतो आणि दिवेलागणीनंतर त्याला खरा जीव येतो. बोलणं गोड, घाई कमी, चहाबरोबर बिस्किट आलंच पाहिजे. दरबाराचं शहर होतं ना ते. दरबारात घाई करणाऱ्याला मान नसतो.

पण बाईच्या बाजूनं पाहिलं तर? बांगडी भरणारी समोर दिसते, बांगडी घडवणारी मात्र बरेचदा आतल्या खोलीत. काम घरात, मजुरी नगावर. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं शिकवायची भाषाही उर्दूच. तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी रयत दाराबाहेर. आपल्या गावची बाई तिथं गेलीच तर कुणाच्या तरी घरी कामाला, कुणाच्या तरी ओळखीनं. शहर देखणं होतं, तिच्या हिशोबात मात्र ते दुसऱ्याचंच राहिलं.

सप्टेंबर १९४८ मध्ये १३ ते १७ अशी पाच दिवस पोलीस कारवाई झाली आणि निजामी संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे आपल्या आज्या एकाच जन्मात, घराचा उंबरा न सोडता, एका राजधानीच्या गावातून दुसऱ्या राजधानीच्या गावात आल्या. जुन्या माणसांच्या बोलण्यात उर्दू शब्द अजून सापडतात, पण गाड्यांचं तोंड मुंबई-पुण्याकडं फिरलं.

हैदराबादही आता पूर्वीचं राहिलं नाही. १९९८ मध्ये तिथं सायबर टॉवर्सची इमारत उघडली आणि संगणकाच्या कामानं शहराची दुसरी बाजू उभी राहिली. त्या बाजूला लख्ख दिवे रात्रभर चालू. मुली रात्रपाळी करायला लागल्या, तसा त्यांच्या जाण्यायेण्याचा प्रश्नही आला. २०१४ मध्ये पोलिसांनी 'शी टीम' नावाची पथकं रस्त्यांवर आणि बसथांब्यांवर नेमली. बाई रात्री रस्त्यावर असणार, हे आधी शहरानं मान्य केलं, तेव्हा कुठं पथक निघालं.

आता मुंबई. हिचं वारं हैदराबादच्या अगदी उलट. हैदराबाद दरबारानं वाढलं, मुंबई घड्याळानं वाढली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे अशी देशातली पहिली प्रवासी रेल्वे धावली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, कावसजी दावर यांनी कापडगिरणीचा पाया घातला. बघता बघता लालबाग, परळ, शिवडी भागात गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. कापूस कुठला? आपल्यासारख्या काळ्या मातीतलाही. माणसं कुठली? कोकणातली, साताऱ्याकडची. पहाटे भोंगा झाला की हजारो पावलं एकाच दिशेनं चालायची. मुंबईची घाई तिथून सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही.

आपण ऐकतो गिरणी कामगार, आणि डोळ्यांसमोर पुरुष येतो. पण एके काळी मुंबईच्या गिरण्यांत पाचांत साधारण एक बाई होती. सूत गुंडाळायच्या खात्यात त्या जास्त असत. आणि एक गोष्ट तर प्रत्येक गटाच्या भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. तेव्हा गिरणीला आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० ला त्यांनी मोठी सभा घेतली, हजारो कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायांनी उभं राहून भाषणं केली. १८९० साल! सावित्रीबाई फुले तेव्हा हयात होत्या. १० जून १८९० ला मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्या दोघींनी बोलायचं धाडस केलं तेव्हाचा तो रविवार आज अख्खा देश उपभोगतोय.

गिरणीबाहेर आणखी एक फौज होती, खानावळवाल्यांची. गावाकडून एकटा आलेला कामगार दाटीवाटीच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचा आणि जेवायचा कुणातरी मावशीकडं. एकेक बाई वीस-वीस, तीस-तीस डबे दोन वेळा करायची. पैसे महिन्याच्या पगारावर, किराणा उधारीवर, उधारी सावकाराच्या व्याजावर. संप झाला की जेवणारे थकायचे आणि हिच्या गळ्यातलं गहाण पडायचं. या बायांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, एकमेकींच्या जामिनावर बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आज आपल्या गटाला बँक दारात उभं करते ना, त्या वाटेवरचं गवत आधी त्या खानावळवाल्यांनी तुडवलंय.

त्याही आधीची गोष्ट लिज्जत पापडाची. १५ मार्च १९५९ ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बाया बसल्या. भांडवल उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. आज हजारो भगिनी त्या संस्थेच्या भागीदार आहेत. आणि ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायांची लोकल सुरू झाली. त्या डब्यात बाया भाजी निवडतात, नवरात्रात गरबा करतात, एकमेकींचं दुखणं-खुपणं ऐकतात. मुंबईचं वारं सोसाट्याचं आहे, त्यात माणूस हरवतो हे खरं. पण त्या गर्दीतच बायांनी आपापला डबा धरून ठेवला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप झाला. जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. बऱ्याच गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या उभ्याच राहिल्या नाहीत. आज त्या चिमण्यांच्या जागी काचेचे उंच टॉवर आहेत. शहर कुणासाठी थांबत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं.

इथून जरा समुद्रापार जाऊ. ही शहरं आम्ही पाहिलेली नाहीत, फक्त वाचली आहेत. पण वाचताना सारखं वाटत होतं, या बाया आपल्याच टोळीतल्या आहेत.

सिंगापूर आज चकचकीत, शिस्तीचं, श्रीमंत शहर. रस्त्यावर कागद टाकला तर दंड. हे शहर बांधलं कुणी? चीनच्या दक्षिणेला सानशुई नावाचा भाग आहे. तिथं पूर येत, शेती बुडे, दारिद्र्य पाठ सोडत नसे. १९२० ते १९४० च्या दशकांत तिथल्या हजारो बाया बोटीनं सिंगापूरला गेल्या. १९३३ मध्ये इंग्रज सरकारनं बाहेरून येणाऱ्या पुरुष मजुरांवर बंधनं घातली, बायांवर तेव्हा घातली नाहीत, म्हणून त्यांची संख्या आणखी वाढली. डोक्याला लाल फडकं, काळे-निळे कपडे, खांद्यावर कावड. माती, विटा, वाळू वाहून त्यांनी इमारतींचे पाये भरले. तिथं त्यांना सामसुई बाया म्हणतात.

काहींच्या बोटीच्या तिकिटाचे पैसे दलालानं आधीच भरलेले असत, ते मजुरीतून फेडावे लागत. ऐकताना काही आठवतं का? आपल्याकडं त्याला उचल म्हणतात. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घ्यायची, कोयता घ्यायचा, लेकरं-भांडी ट्रॅक्टरवर टाकायची आणि पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या फडावर जायचं. ती बाई सिंगापूरची वीट वाहत होती, आपली बाई साखरेची मोळी वाहते. फरक असा की सामसुई बाया एकाच खोलीत अनेक जणी मिळून राहत. लिहिता न येणाऱ्या बाया लेखनिकाकडून पत्र लिहून घेत आणि पत्राबरोबर घरी पैसे पाठवत. म्हातारपणी एकमेकींना सांभाळत. आज सिंगापूरच्या संग्रहालयांत, पुस्तकांत त्यांना मान आहे. पण तो मिळेपर्यंत बहुतेकींचे केस पिकले होते.

दुसरं शहर सोल, दक्षिण कोरियाची राजधानी. १९५० ते १९५३ च्या युद्धात ते उद्ध्वस्त झालं होतं. आज तिथला कपड्यांचा बाजार मध्यरात्रीही गजबजलेला असतो. घाऊक व्यापारी रात्री माल भरतात, सूर्य उगवायच्या आत गाड्या निघतात. त्या झगमगाटाच्या खाली एक जुनी गोष्ट आहे. १९६० च्या दशकात तिथल्या पीस मार्केटमध्ये कपडे शिवायला खेड्यातल्या कोवळ्या पोरी येत. काही तर तेरा-चौदा वर्षांच्या. एका मजल्याचे मधे फळ्या ठोकून दोन मजले केलेले, ताठ उभं राहता येत नसे. चौदा-चौदा तास मशीनवर, नाकातोंडात कापडाची धूळ. मिळालेला पैसा गावी, भावाच्या शिक्षणाला.

तिथं चॉन ते-इल नावाचा तरुण शिंपीकाम करायचा. उपाशी पोरींना पाव घ्यायला तो आपल्या बसभाड्याचे पैसे देई आणि स्वतः मैलोन्‌मैल चालत घरी जाई. कामगार कायद्याचं पुस्तक मिळवून त्यानं वाचलं. कायद्यात सगळं होतं, कारखान्यात काहीच नव्हतं. अर्ज केले, मोजणी केली, कुणी ऐकलं नाही. १३ नोव्हेंबर १९७० ला, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यानं भर बाजारात स्वतःला पेटवून घेतलं. त्याच्या आईनं, ली सो-सन यांनी, लेकाचं काम हाती घेतलं. त्याच महिन्यात शिवणकाम करणाऱ्यांची संघटना उभी राहिली आणि पुढं आयुष्यभर कामगार त्यांना आई म्हणत राहिले. सोलचा झगमगाट आम्ही आता चित्रात पाहतो, तेव्हा आधी ती आई आठवते. लेकरू जळाल्यावर जाग येण्यापेक्षा आधी जाग आलेली बरी.

तिसरं ढाका, बांगलादेशाची राजधानी. सायकलरिक्षांचं, दाट गर्दीचं, पावसात तुंबणारं शहर. पण त्याचं खरं रूप भल्या सकाळी दिसतं म्हणतात. रंगीत ओढण्या घेतलेल्या, हातात डबा धरलेल्या बायांचे लोंढे कपड्यांच्या कारखान्यांकडं चालत निघतात. हा धंदा तिथं १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला. त्याआधी खेड्यातल्या बाईनं एकटीनं शहरात नोकरी करणं तिथंही लोकांना पटत नव्हतं. 'वारं लागेल' हे तिथल्या आयांनीही म्हटलंच असेल. आज लाखो बाया त्या धंद्यात आहेत आणि जगभर कपडे जातात. आपल्या मोंढ्याजवळच्या दुकानात घेतलेल्या सदऱ्याची मागची चिठ्ठी कधी वाचून पाहा.

२४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावर इथं राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. अकराशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक बाया. भिंतींना भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली होती. कपड्यांच्या कारखान्यातल्या मजुरांना मात्र कामावर बोलावलं. बँकेतल्या माणसाला 'आज येऊ नका' सांगणारा कुणीतरी होता. शिवणाऱ्या बाईला नव्हता. त्या घटनेनंतर जगभर ओरड झाली आणि मे २०१३ मध्ये कामगार संघटना आणि परदेशी कंपन्या यांच्यात इमारतींच्या सुरक्षेचा करार झाला. हजाराहून अधिक कारखान्यांची तपासणी झाली. कराराचा कागद झाला, पण त्यासाठी मोजलेली किंमत केवढी.

आता परत आपल्या वाटेवर, पुण्याला येऊ. पुणं आपल्यासाठी आता परकं नाही. संध्याकाळी माजलगावच्या स्टँडवरून आणि ट्रॅव्हल्सच्या थांब्यावरून पिशव्या घेतलेली पोरं-पोरी पुण्यालाच निघालेली असतात. २०२५ च्या १७ सप्टेंबरला, आपल्या मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीड शहरापर्यंत रेल्वे आली. वाट आणखी सोपी होणार. पेशव्यांचं, शिक्षणाचं, दुपारी दुकान बंद ठेवणारं पुणं आता पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांसह चोवीस तास जागं असतं. पाळी सुटली की कंपन्यांच्या बसगाड्या रांगेनं निघतात.

बैठकीत गप्प बसलेल्या आजी पुढच्या वेळी बोलल्या, त्या याच पुण्याबद्दल. १९७२ चा दुष्काळ. आजींनी तेव्हा रोजगार हमीवर खडी फोडली, मिलो खाल्ला, लेकरांना सुकडी चारली. त्यांची नणंद नवऱ्याबरोबर पुण्याला गेली. आजी म्हणाल्या, "माय, ती तिथं उकिरड्यावर कागद येचायची. आम्हाला सांगायची, कंपनीत हाय. मेल्यावर कळलं."

त्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूरकडून पुण्याला गेलेल्या कितीतरी दलित बायांच्या हाती कचराच आला. कुत्री अंगावर येत, लोक चोर म्हणत, पोलीस हटकत. पण पुढं काय झालं ते नणंदबाईंनी सांगितलं नव्हतं. १९९३ मध्ये या बाया एकत्र आल्या आणि डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. आपण कचरा वेचतो म्हणून महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो, याचा हिशोबच त्यांनी मांडला. महापालिकेनं त्यांची ओळखपत्रं मान्य केली, पुढं आरोग्य विमाही आला. २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. गळ्यात ओळखपत्र आल्यावर तीच बाई त्याच गल्लीत ताठ मानेनं शिरू लागली. गल्ली जुनीच होती. वारं बदललं होतं.

मैत्रिणींनो, एवढं वाचून आम्हाला जे समजलं ते सांगतो. आपण वारं शहरात आहे असं समजतो. रात्री दिवे लागतात, गाड्या धावतात, पोरी पँट घालतात, म्हणजे वारं. खरं तर ही सगळी शहरं खेड्यातून गेलेल्या हातांनीच हलती ठेवलीयत. दरबाराचं असो की घड्याळाचं, शिस्तीचं असो की गर्दीचं, प्रत्येक शहरात एकच गोष्ट घडताना दिसते. एकटी गेलेली, कुठंच नाव न लागलेली बाई भिंतीखाली सापडली. मिळून राहिलेली, हिशोब मांडणारी, नाव लावून घेणारी बाई टिकली, आणि तिनं त्या शहरालाही थोडं बदललं.

गावात राहिलं की सगळं सुखरूप, असं म्हणायलाही आपल्याला तोंड नाही. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं आपल्या बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्या तर शहराच्या वाऱ्याला गेल्याच नव्हत्या. उसाच्या फडात होत्या. कित्येक वर्षं त्यांना कुणी मोजलंच नव्हतं.

दुसऱ्या बैठकीत गटानं ठराव केला. कर्ज मंजूर. पण वहीत ठरावाखाली चार ओळी जास्त लिहिल्या. कामाचं पत्र पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. खोली दुसऱ्या एका ओळखीच्या मुलीबरोबरच घ्यायची. पगारातून पीएफ कापतात का आणि त्याचा नंबर काय, हे पहिल्या महिन्यातच विचारायचं. आणि दर रविवारी आईला फोन करायचा. फोन आला नाही, तर गटातल्या दोघी पुण्याला जाणार, तिकिटाचे पैसे गटाचे. ही शेवटची ओळ नको म्हणणाऱ्या आक्कांनीच घालायला लावली.

मुलगी गेली. दोन हप्ते वेळेवर आले, तिसरा आठ दिवस उशिरा आला. पाळीच्या दिवशी पाय सुजतात म्हणते, मेसचं जेवण आवडत नाही म्हणते, परत येते मात्र म्हणत नाही. खोलीत आता चौघी आहेत, त्यातली एक परभणीकडची. चौघींनी महिना शंभर-शंभर रुपये एका डब्यात टाकायला सुरुवात केलीय. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "आईचं बघून."

आता तुमच्याकडं एक काम. पुढच्या मासिक बैठकीत वहीचं एक पान वेगळं काढा. आपल्या गावातून शहरात किंवा फडावर कामाला गेलेल्या बायांची आणि मुलींची नावं लिहा. प्रत्येकीपुढं चार रकाने करा. काम काय, राहते कुठं, बरोबर कोण, फोन कधी आला. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं ओळखपत्र ग्रामसेवकाकडून घेतलं का, तेही लिहा. ज्या नावापुढचे रकाने रिकामे राहतील, त्या घरी त्याच संध्याकाळी दोघींनी जाऊन या. काय निघालं ते आम्हाला कळवा, पुढच्या वेळी त्यावरच बोलू.

येत्या रविवारी फोन वाजला की त्या दोन गिरणीवाल्या बायांचीही आठवण काढा. त्यांची नावं इतिहासानं जपून ठेवली नाहीत. आपल्या लेकींची आपण वहीत लिहून ठेवू.